बहात्तर मिनिटांत चार वेळा

दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या खोलीत सहा खुर्च्या होत्या. पाच खुर्च्यांवरची माणसं हसत होती आणि सहाव्या खुर्चीवर मी होते.

खिडकीच्या काचेवरून पावसाचे ओघळ उतरत होते. खुर्ची न मिळालेला एक माणूस दाराशी उभा होता. एका हाताने उजवा गाल धरलेला, दुसऱ्या हातात ठिबकणारी छत्री. चेहरा ओळखीचा होता. असणारच. विनोदी कार्यक्रमांच्या पोस्टरवर तो शहरातल्या निम्म्या भिंतींवर चिकटवलेला होता आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं — ‘सरकारला घाम फोडणारा माणूस’.

“अक्कलदाढ काढायला आलोय,” तो खोलीला उद्देशून म्हणाला. “मंत्रिमंडळात जायचं ठरतंय. तिथे चालत नाही म्हणे.”

पुन्हा पाच माणसं हसली. एका आजोबांनी तर त्याला टाळी दिली.

मी समोरच्या भिंतीवरचं जबड्याचं चित्र पाहत राहिले. त्याने ते पाहिलं. मग हळूच, छत्री सांभाळत माझ्यापाशी आला.

“आवडला नाही?”

मी पर्समधून पेन काढलं. औषधांच्या चिठ्ठीच्या मागे लिहिलं: ‘इंजेक्शन दिलंय. अर्धं तोंड बधिर आहे.’

त्याने वाचलं आणि त्याचा चेहरा असा सैल झाला, की मला नवल वाटलं. इतक्या मोठ्या माणसाला एका अनोळखी बाईच्या तोंडाची एवढी काळजी? मग मला काय झालं कोण जाणे… मी चिठ्ठी परत मागितली आणि खाली आणखी एक ओळ लिहिली.

‘दिलं नसतं तरी हसले नसते.’

तो ती ओळ बराच वेळ वाचत उभा होता. गालावरचा हात खाली आला होता. दुखायचं विसरला असावा.

“ह्याच्यावर,” तो शेवटी म्हणाला, “सही द्याल?”

मी कोर्टात काम करते. खटल्यात पुरावा म्हणून जी ध्वनिमुद्रणं येतात, ती ऐकून त्यांची लेखी प्रत तयार करायची, हे माझं काम. फोनवरच्या धमक्या, बैठकांतली भांडणं, नवरा-बायकोंनी एकमेकांच्या नकळत टिपलेली संभाषणं. बोलणं जसंच्या तसं लिहायचं आणि शब्द नसलेले आवाज कंसात टाकायचे. (रडणे). (दार आपटणे). (हशा). (टाळ्या). आमच्या हेडबाई एकोणतीस वर्षं हेच करत आल्यात. पहिल्या दिवशी त्यांनी मला सांगितलं होतं, “ऐकू आलं ते लिहायचं. समजलं ते लिहायचं नाही. ध चा मा करायचा नाही, आणि वकिलाने कितीही गोड बोलून मागितला तरी मा चा ध सुद्धा नाही.”

हे सगळं मी त्याला पहिल्या चहाला सांगितलं. चहाची जागा कोर्टाच्या मागच्या गल्लीत होती. चार टेबलं, वाफेने धुरकट झालेल्या काचा. त्याने टोपी कपाळावर ओढली होती, तरी चहावाल्याने त्याला ओळखलंच आणि पैसे घ्यायला नकार दिला. “साहेब, काय बोलता तुम्ही! एकदम बरोबर बोलता!”

“बघा,” तो मला म्हणाला.

“काय बघू? तो म्हणाला, बरोबर बोलता.”

“मग?”

“काही नाही. ऐकू आलं ते सांगितलं.”

त्याने कपाच्या कडेवरून माझ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे पोस्टरवर बारीक, खट्याळ दिसायचे. समोर बसल्यावर ते थकलेले होते, आणि मला तेच बरे वाटले.

“तुम्ही कधीच हसत नाही?”

“हसते की.”

“कशावर?”

“मागच्या आठवड्यात वहिनी सगळं घर डोक्यावर घेऊन झाडू शोधत होती. झाडू तिच्याच काखेत.”

“ह्यात विनोदी काय आहे?”

“सांगताना नाही. बघताना होतं.”

त्याने खिशातून वही काढली.

“लिहून घेऊ नका हं,” मी म्हणाले. “वहिनी तुमची भक्त आहे. तिकीट काढून येईल आणि स्वतःचीच फजिती ऐकेल.”

त्याने वही ठेवून दिली. मला ते आवडलं. का आवडलं, याचा विचार मी घरी जाईपर्यंत करत होते.

घरी त्याचे कार्यक्रम रोज चालायचे. दादा आणि वहिनी जेवताना लावून बसायचे. दुसऱ्या चहानंतर मी पहिल्यांदाच जेवण बाजूला ठेवून पडद्याकडे न बघता त्या दोघांकडे पाहिलं. तो रस्त्यांवर बोलला, दादा म्हणाला, “बरोब्बर!” तो पाणीपुरवठ्यावर बोलला, दादाने मांडीवर थाप मारली. वहिनी म्हणाली, “कसं तोंडावर मारलंय!” दोघं खूश होती. दोघांचे चेहरे फुलले होते. दोघांपैकी एकही हसत नव्हतं.

“काय गं, अशी काय बघतेस?” वहिनी म्हणाली. “आम्हाला शिंगं फुटलीत?”

“वहिनी, हा विनोदी आहे?”

“म्हणजे काय! हसून हसून पुरेवाट होते.”

“आत्ता हसलीस?”

वहिनीने घास हातात धरून विचार केला. “आत्ता जेवतेय,” ती म्हणाली.

चौथ्या चहाला बाहेर पावसाची झड लागली होती आणि आमच्याशिवाय दुकानात कुणी नव्हतं. तो साखरेच्या रिकाम्या पुडीची घडी घालत होता. घडीवर घडी. पुडी नखाएवढी झाली, तेव्हा म्हणाला, “एक विचारू?”

“विचारा.”

“मी… विनोदी आहे का?”

“सगळे म्हणतात.”

“सगळ्यांना विचारत नाहीये.” त्याने पुडी उलगडायला घेतली. “स्टेजवर दिवे डोळ्यांवर असतात. मला पहिली रांगसुद्धा दिसत नाही. फक्त आवाज येतो. मोठा असतो आवाज, नऊ वर्षं मोठाच आहे. पण तो कसला आहे, ते मला कळत नाही. तुमचं तर कामच ते.”

मला उत्तर माहीत होतं. जिभेवर होतं. पण त्याचे हात त्या पुडीपाशी असे थांबले होते, की…

“माहीत नाही,” मी म्हणाले.

कामाबाहेर खोटं बोलायला कुणाची बंदी नसते. तरी घरी जाताना मला माझाच राग येत होता.

पुढच्या सोमवारी तो माझ्या टेबलावर आला. म्हणजे त्याचं ध्वनिमुद्रण आलं. बहात्तर मिनिटांचा कार्यक्रम, पाकिटावर खटल्याचा क्रमांक आणि लाल शाईत ‘तातडीचे’.

आरोग्यमंत्र्यांनी त्याच्यावर अब्रुनुकसानीचा फौजदारी खटला भरला होता. भांडण चार वाक्यांचं होतं. तो स्टेजवर म्हणाला होता: “सरकारी रुग्णालयासाठी आलेली लिफ्ट मंत्र्यांच्या भाच्याच्या हॉटेलात चालते. मी बसून आलोय. दार एवढं रुंद, की माणूस आडवा आत जाईल. हॉटेलात आडवा माणूस कोण नेतं, ते मंत्र्यांनाच विचारा.”

मंत्र्यांचे वकील म्हणत होते, हा आरोप आहे. त्याचे वकील म्हणत होते, छे छे, हा विनोद आहे. विनोदाला कुणी पुरावा मागतं का? न्यायाधीशांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि सांगितलं, ऐकणाऱ्यांनी ते कसं घेतलं हे ध्वनिमुद्रणात असेलच. प्रमाणित प्रत आणा. लोक हसले असतील तर विनोद.

थोडक्यात, त्याने पुडीची घडी घालत मला विचारलेला प्रश्न आता कोर्टाने मला विचारला होता. आरोप ठरला तर दोन वर्षांची कैद होऊ शकत होती.

मी आधी हेडबाईंकडे गेले. “मी ह्यांना ओळखते.”

“ओळखतेस म्हणजे?”

“चार वेळा चहा घेतलाय.”

त्यांनी चष्मा वर केला, माझा चेहरा नीट वाचला आणि चष्मा खाली घेतला. “फाइलवर तशी नोंद कर. दोन्ही वकिलांना दाखव. हरकत नसली तर काम तूच कर. दुसरी मुलगी बाळंतपणाच्या रजेवर आहे. पण निकाल लागेपर्यंत चहा बंद.”

हरकत कुणाचीच नव्हती. मंत्र्यांच्या वकिलांना माझी ख्याती ठाऊक होती. त्याच्या वकिलांना चार चहांवर भरवसा होता.

मी त्याला फोन करून सांगितलं, “आता भेटता येणार नाही.”

“समजलं,” तो म्हणाला. मग थोडं थांबून, “नीट ऐका हं.”

एवढंच. तो ‘सांभाळून घ्या’ म्हणाला असता, तर मला सोपं गेलं असतं.

प्रत्येक मुद्रण मी तीन वेळा ऐकते. एकदा शब्दांसाठी, एकदा आवाजांसाठी, एकदा डोळे मिटून. हसताना आधी श्वास तुटतो, मग आवाज येतो. तो प्रत्येकाचा वेगळा असतो आणि कुणाचाही वेळेवर येत नाही. टाळ्या एकदम सुरू होतात आणि एकदम थांबतात. त्या चार वाक्यांनंतर सहा सेकंद शांतता होती. खुर्ची करकरल्याचाही आवाज नाही. आणि मग टाळ्या… भिंती हलतील अशा.

नियमाप्रमाणे हेडबाईंनीही ऐकलं. हेडफोन काढून त्या म्हणाल्या, “इथे डावीकडे कुणीतरी हसलंय बघ.”

“खोकलंय.”

“हसता हसता खोकलं असेल.”

“हेडबाई!”

“मी आपलं विचारलं.” त्यांनी हेडफोनची वायर गुंडाळायला घेतली. माझ्याकडे बघत नव्हत्या. “सही तुझी आहे, बाई.”

खटल्याच्या बातम्या पेपरात येतच होत्या, त्यामुळे घरीही तेच. “अगं, टाकून दे की ‘हशा’!” वहिनी म्हणाली. “दोन अक्षरं! कुणाच्या बापाचं काय जातंय?”

“आणि पकडली गेली तर?” दादा म्हणाला.

“हसलं की नाही हे कोण पकडणार?”

तेच तर होतं. कुणीही पकडणार नव्हतं. दोन अक्षरं लिहिली, की तो सुटणार होता, आणि त्याला त्याचं उत्तरही मिळणार होतं: होय, तुम्ही विनोदी आहात, कोर्टाच्या शिक्क्यानिशी. मी आठ दिवस त्या कंसासमोर बसले. आठव्या दिवशी लिहिलं ते लिहिलं.

साक्षीला उभी राहिले तेव्हा कोर्टाची खोली भरलेली होती. त्याच्या वकिलांनी प्रत हातात घेऊन मला आपादमस्तक न्याहाळलं.

“बाई, तुम्हाला विनोदबुद्धी आहे का?”

“नसली तरी चालेल,” न्यायाधीश म्हणाले. “कान आहेत ना? वाचा, बाई.”

मी वाचलं. बहात्तर मिनिटं. टाळ्या एकसष्ट वेळा. हशा चार वेळा. वादातल्या मजकुरानंतर सहा सेकंद शांतता, मग टाळ्या. हशा नाही.

त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. पाहिलंच. डॉक्टर तपासणीच्या अहवालाचं पाकीट फोडत असताना रोगी बघतो, तसा तो माझ्याकडे बघत होता. पाकिटात काय आहे हे त्याला आधीपासून माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं. फक्त कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

तो उठून उभा राहिला.

“मला बोलायचंय.”

“बसा खाली,” त्याचे वकील दातओठ खात पुटपुटले.

“प्रत बरोबर आहे,” तो न्यायाधीशांना म्हणाला. “लोक हसले नाहीत, कारण तो विनोद नव्हता. माझ्या वडिलांना त्या रुग्णालयात तिसऱ्या मजल्यावर न्यायचं होतं. लिफ्टच्या जागी फळी ठोकली होती. मी आणि माझ्या मेव्हण्याने त्यांना खुर्चीत बसवून जिन्याने नेलं. दुसऱ्या मजल्यावर ते म्हणाले, जरा थांबू या. आम्ही थांबलो.”

तो इथे खरंच थांबला.

“तिथून पुढे न्यायची गरज पडली नाही. वर्षभराने त्या हॉटेलात माझा कार्यक्रम होता. लिफ्टमध्ये शिरलो तर दार हे एवढं.” त्याने दोन्ही हात पसरले. “दाराच्या आतल्या बाजूला खाली एक पट्टी आहे. तिच्यावर रुग्णालयाचं नाव आहे. घासलंय, पण वाचता येतं. माणूस पाठवा. दार मोजा.”

त्याच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मी घड्याळाकडे पाहिलं नाही, पण ती शांतता सहा सेकंदांपेक्षा पुष्कळ मोठी होती.

दार मोजायला गुरुवारची तारीख पडली. बुधवारी संध्याकाळी मंत्र्यांनी मोठ्या मनाने खटला मागे घेतला. कलावंतांविषयी आपल्याला आदर आहे, असं ते पत्रकारांना म्हणाले. हॉटेलातली लिफ्ट महिनाभर दुरुस्तीसाठी बंद राहिली. त्यानंतर रुग्णालयात एक लिफ्ट आली आणि तिचं उद्घाटन झालं. फीत मंत्र्यांनीच कापली.

तो मात्र आला नाही. फोन नाही, काही नाही. भिंतींवरची पोस्टरं पावसाने सुटत गेली आणि कुणी नवी लावली नाहीत. मी कामावर जायची, यायची. मागच्या गल्लीतून जाणं टाळायची. वहिनी काही बोलायची नाही, म्हणजे तिला सगळं समजलं होतं. एकदा नुसतं म्हणाली, “खरं बोललीस ते चांगलंच केलंस गं. पण जेव तरी.” नऊ वर्षं स्टेजवर उभा असलेला माणूस मी दोन ओळींत मोडला होता. बरोबर होतं म्हणून ते कमी दुखत नव्हतं.

सव्विसाव्या दिवशी माझी पाळी नकलांच्या खिडकीवर होती. ज्यांना कागदपत्रांची प्रत हवी, ते तिथे अर्ज देतात. जाड काच, बोलायला गोल भोक, खाली कागद सरकवायला फट. दुपारची रांग होती. मी मान खाली घालून अर्ज घेत होते.

“बहात्तर मिनिटांची प्रत हवी होती,” भोकातून आवाज आला.

दाढी वाढली होती. टोपी नव्हती. त्याच्या मागच्या आजींनी त्याला ओळखलंही नव्हतं.

“खटला संपला,” मी म्हणाले. “आता कशाला?”

“वाचायची आहे. एकसष्ट आणि चार. त्या दिवशी नुसती ऐकली.” तो भोकाजवळ वाकला. “ते चार कोणते?”

“पहिला, माईकचा स्टँड पडला तेव्हा. दुसरा, कुणाचं तरी बाळ शिंकलं तेव्हा.”

“तिसरा?”

“दिवे गेले.”

त्याने मान हलवली. सगळं सहन करायचं ठरवून आलेला माणूस हलवतो तशी.

“आणि चौथा… आला होता का कुणी कुत्रा वगैरे?”

“चौथा तुमचा.”

त्याने वर पाहिलं.

“एकोणपन्नासाव्या मिनिटाला तुम्ही मंत्र्यांवर ओरडत होता आणि मध्येच विसरलात. म्हणालात, ‘थांबा हं, मी कुणावर चिडलो होतो?’ तेव्हा सगळे हसले. खरे हसले. वाक्य संपायच्या आधी.”

“आणि तुम्ही?”

मी शिक्क्याची डबी उघडली. बंद केली. “मी प्रत्येक मुद्रण तीन वेळा ऐकते.”

“हसलात?”

“तीनही वेळा. ते प्रतीत लिहायची सोय नाही.”

“अहो, लवकर आवरा की,” मागून आजी म्हणाल्या.

“आवरतो, आजी.” तो तसाच वाकून होता. श्वासाने काचेवर धुकं येत होतं. “म्हणजे नऊ वर्षांत एकदा.”

“मी एकच कार्यक्रम लक्ष देऊन ऐकलाय.”

“राहिलेले ऐकाल?”

“विनोद काढून टाकणार असाल तर.”

“मग उरेल काय?”

“वडील उरतील,” मी म्हणाले. “तुम्ही उराल.”

मी प्रतीची अडतीस पानं जुळवली, टाचली.

“मी तुमच्यावर फार चिडलो होतो,” तो म्हणाला. “वीस दिवस. मग एकविसाव्या दिवशी लक्षात आलं, की मला रोज संध्याकाळी तुम्हालाच सांगावंसं वाटतंय, की मी तुमच्यावर किती चिडलोय.” त्याने बाहीने काचेवरचं धुकं पुसलं. “एक सांगा. मी विनोदी नाही, हे तुम्हाला दवाखान्यातच माहीत होतं. मग चार-चार वेळा चहाला का आलात?”

मी फटीतून प्रत पुढे केली.

“चहा मला आवडत नाही,” मी म्हणाले. “कधीच आवडला नाही.”

त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग त्याचा श्वास तुटला. आणि तो हसला. एवढ्या दिवसांत त्याला हसताना मी पहिल्यांदा ऐकत होते. ओबडधोबड, घोगरं हसू, मध्येच अडकणारं, पुन्हा सुटणारं. डोळ्यांत पाणी आलं तरी थांबेना. रांगेतली माणसं वाकून बघायला लागली.

“काय झालं हो?” आजींनी विचारलं. “काय म्हणाल्या त्या?”

“काही नाही, आजी,” त्याने डोळे पुसले. “खरं ते सांगितलं.”

प्रत अजून अर्धी माझ्या बाजूला होती आणि तिच्यावर शिक्का मारायचा राहिला होता. तो मी मारला, पण डाव्या हाताने, त्यामुळे जरा तिरका बसला. उजवा हात फटीत होता, आणि तो त्याने धरून ठेवला होता.